सुटाबुटातली चार माणसं

सुटातला माणूस खोटं बोलत नसेल असं लोकांना उगाचच वाटतं, आणि त्या उगाचच वाटण्यावर माझा संसार चालला.

माझं काम बसायचं. हसू नका, खरंच तेवढंच. नव्या कंपनीची पहिली सभा असते, खुर्च्या भरलेल्या दिसायला हव्या असतात. एखाद्याचं भाषण असतं, पुढच्या रांगा रिकाम्या राहिल्या तर बिचाऱ्याचं अवसान गळतं. कुणी नवं ऑफिस उघडतो आणि पहिल्या गिऱ्हाइकाला आत वर्दळ दिसावी असं त्याला वाटतं. अशा वेळी आम्हाला बोलावणं येतं. सूट, टाय, चकचकीत बूट घालून आम्ही जातो, बसतो, मान डोलावतो, टाळ्या वाजवतो, चहा पितो आणि घरी येतो. कुणी काही विचारलंच तर गंभीर चेहरा करून ‘बघू या’ म्हणायचं. ‘बघू या’ म्हणणारा माणूस कुठेही गेला तरी साहेबच वाटतो.

हा धंदा माझ्या मित्राचा. त्याला सगळे बटण म्हणतात. समोर कुणीही आलं की हा आधी त्याच्या कोटाचं बटण बघणार आणि मग तोंड. एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर त्याची जागा आहे. पुढे एक टेबल, मागे लांबलचक खोली आणि खोलीभर लोखंडी दांड्यांवर टांगलेले कोट. खालून इस्त्रीची वाफ वर येते, त्यामुळे पावसाळा असो की थंडी, त्या खोलीत कायम कोमट कापडाचा वास. आम्ही दोघांनी मिळून तिथला पहिला कोट टांगला होता. पुढे तो मालक झाला आणि मी मास्तर. मास्तर म्हणजे नव्या माणसांना बसायला शिकवणारा.

बसणं शिकवावं लागतं. खुर्चीपाशी गेलं की धपकन टेकायचं नाही. कोटाची मागची बाजू दोन्ही हातांनी अलगद उचलायची आणि मग बसायचं, म्हणजे कोट चुरगळत नाही. पाठ टेकायची नाही. कप उचलला की बशीही उचलायची. बिस्कीट एकच. इकडेतिकडे बघायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काही बिनसलं, कुणी ओळखलं, काही सांडलं, पडलं, तर तोंड उघडायचं नाही. सरळ बटणकडे बघायचं. तो काय करायचं ते करेल.

खिसे मात्र आम्ही शिवूनच टाकतो. नवशिक्याच्या अंगावर सूट चढला की हातांचं काय करावं हे त्याला कळत नाही, तो ते खिशात कोंबतो. हातांच्या पाठोपाठ किल्ल्या जातात, रुमाल जातो, अर्धा खाल्लेला पाव जातो, आणि चार दिवसांत कोटाला पोट सुटतं. म्हणून प्रत्येक कोटाचे बाहेरचे खिसे आतून बारीक टाक्यांनी बंद. हे शिवण्याचं काम माझं. काळ्या कापडावर काळा दोरा नंतर सापडत नाही, उसवताना डोळे फुटतात, म्हणून मी गडद जांभळा दोरा वापरतो आणि शेवटी दोन गाठी मारतो. बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही.

या शिवलेल्या खिशांनी माझ्या मुलीला फार रडवलंय. लहानपणी तिला शेंगदाण्यांचं वेड होतं. खायची थोडे, लपवायची जास्त. उशीखाली, बुटात, माझ्या चष्म्याच्या घरात. म्हणून तिचं नाव पडलं खार. मी कामावर निघालो की ती धावत यायची आणि माझ्या खिशात शेंगदाणा घालायला बघायची, ‘बाबा, तुम्हाला भूक लागली तर.’ खिसा शिवलेला. तिची बोटं वरच्या वर अडायची आणि ती भोकाड पसरायची. एकदा तिची समजूत काढताना मी म्हणून गेलो, ‘हे कोट बटणकाकाचे आहेत गं. माझा स्वतःचा कोट होईल ना, त्याचे खिसे उघडे ठेवीन. मग तुला काय घालायचं ते घाल.’

तो कोट व्हायला बरीच वर्षं गेली. खार कॉलेजातून बाहेर पडून चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली, त्या वर्षी मी शिंप्याकडे जाऊन मापं दिली. गडद राखाडी, दोन बटणांचा. तिच्या लग्नात घालायचा म्हणून शिवलेला. घरी आणला तेव्हा मी तो घालून, दोन्ही खिशांत हात घालून, आरशासमोर इतका वेळ उभा राहिलो की बायको म्हणाली, “अहो, लग्न मुलीचं आहे की तुमचं?” मग मी तो कपाटात ठेवला आणि कुणाला हात लावू दिला नाही.

आता बटणच्या शब्दाविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. खार पाळण्यात होती तेव्हा आमच्याकडे एक काम आलं होतं. एका माणसाला लग्नाच्या बोलणीसाठी नातेवाईक हवे होते. मी ताडकन नाही म्हणालो. कुठेही बसू, कुणाच्याही मागे बसू, पण मुलीच्या बापासमोर बसायचं नाही. सभेतला माणूस फसला तर त्याची एक दुपार वाया जाते. मुलीचा बाप फसला तर काय जातं ते सांगायला नको. बटणला पटलं. त्याने खारीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “हिची शपथ. हे काम आपल्याकडे कधी होणार नाही.” त्याला स्वतःला मूलबाळ नाही. खारीला त्यानेच सायकल शिकवली, तिच्या दाढदुखीला धंदा बंद ठेवून तोच घेऊन गेला. त्याच्या शब्दावर मी डोळे मिटून विश्वास ठेवत आलो.

गेल्या वर्षी एकदा जेवताना खारीने सहज विचारल्यासारखं विचारलं, “बाबा, समजा एखादा मुलगा चांगला आहे, कामाला चांगला, स्वभावाने चांगला. पण त्याला कुणीच नाही. अनाथाश्रमात वाढलेला. तर?”

“तर त्याला माझा नमस्कार सांग,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“म्हणजे असा मुलगा मला नको. उद्या काही बिनसलं तर मी कुणाच्या दारात जाऊ? माणसाच्या मागे चार माणसं बसलेली दिसली पाहिजेत.”

“तुम्हीच असं म्हणता?”

“मीच म्हणणार. मागे चार माणसं असली की काय फरक पडतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?”

ती ताट उचलून उठून गेली. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी भातात लक्ष घातलं. विषय संपला असं मला वाटलं, कारण विषय संपला असं वाटून घ्यायची मला सवय आहे.

त्यानंतर काही महिन्यांनी बटण घरी आला. हातात फळांची पिशवी, चेहऱ्यावर मोठ्या कामाचा रुबाब. खारीसाठी स्थळ आणलं होतं. मुलगा भिंगं घासायच्या कारखान्यात, कसबी, निर्व्यसनी. वडील बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त. आई अंथरुणाला खिळलेली, तिला प्रवास झेपत नाही. काका आहेत, मामा आहेत. “घरंदाज माणसं आहेत रे,” बटण म्हणाला. “मी जातीने चौकशी केली आहे.” बायकोचा चेहरा उजळला. खार दारात उभी होती, तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. भिंगांचा कारखाना, चष्म्याचं दुकान, म्हणजे ओळख असणार, हे मला तेवढ्यात कळलं आणि मनातून बरंच वाटलं. पोरीने स्वतः निवडलाय आणि वर बटणने पारखलाय, बापाला आणखी काय हवं?

त्याच आठवड्यात बटणने माझ्या टेबलावर तीन नवे कोट आणून टाकले. गडद निळे. “खिसे शिवून दे. खास काम आहे.”

“माणसं कुठली?” मी विचारलं.

“दुसऱ्या गावची आहेत. त्यांना मीच शिकवतोय. तू लग्नाच्या गडबडीत, तुला कशाला त्रास?”

मला त्याचं कौतुक वाटलं. मी त्याच दुपारी खिडकीशी बसून तिन्ही कोटांचे खिसे शिवले, जांभळा दोरा, शेवटी दोन गाठी. शिवताना गुणगुणतही होतो.

ती मंडळी रविवारी सकाळी आली. बायकोने पडदे धुतले होते, शेजारणीच्या खुर्च्या आणल्या होत्या, आणि मला सकाळपासून चार वेळा दाढी नीट झाली नाही म्हणून आरशाकडे परत पाठवलं होतं. दार उघडलं. पुढे मुलगा, सडपातळ, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत घट्ट बटणं लावलेल्या. त्याच्या मागे सुटाबुटातली चार माणसं. वडील, काका, मामा आणि चौथा आमचा बटण.

काय रुबाब होता त्यांचा! बायको तर दोन पावलं मागेच सरली. वडील उंच, पिकल्या मिशांचे, डोळ्यांवर सोनेरी काडीचा चष्मा. काका गोल चेहऱ्याचे. मामा कमी बोलणारे. खुर्च्यांपाशी आले, तिघांनी कोटाची मागची बाजू अलगद उचलली आणि मग बसले. पाठ टेकली नाही. मला फार बरं वाटलं. म्हटलं, माणसांना वळण आहे. देवाशप्पथ सांगतो, मला एवढंच वाटलं. आयुष्यभर लोकांना जे शिकवलं ते समोर दिसलं आणि मी मूर्ख त्यावर खूश झालो.

बोलणं सुरू झालं. बोटीवरचं आयुष्य कसं असतं, मी विचारलं. “खारं असतं,” वडील म्हणाले आणि सगळे हसले. लग्न कधीपर्यंत करावं? “बघू या,” मामा म्हणाले. घर कुठे घेणार? “बघू या,” काका म्हणाले. मुलगा काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. दोनदा त्याने आतल्या दारात उभ्या खारीकडे बघितलं. लाजतोय, मी म्हटलं.

खार चहा घेऊन आली. वडिलांनी कप घेताना बशीसकट घेतला, दुसऱ्या हाताने चष्मा काढला आणि बोलता बोलता तो कोटाच्या खिशात ठेवायला गेले. चष्मा आत गेला नाही. खिशाच्या तोंडाशी दोन वेळा आपटला. त्यांनी खाली बघितलंही नाही. हात तसाच मांडीवर आणला आणि चष्मा मुठीत धरून बसले.

मी त्या खिशाकडे बघतच राहिलो.

पण मी स्वतःला समजावलं. नवा कोट आणला की त्याचे खिसे शिवलेलेच असतात, कितीतरी जण ते उसवायला विसरतात. व्याह्यांनी आपल्या घरी यायचं म्हणून नवा कोट घेतला असेल. मग बिस्किटांची ताटली फिरली. काकांनी एक घेतलं. मामांनी एक घेतलं. वडिलांनी एक घेतलं. बायकोने कितीही आग्रह केला तरी दुसऱ्याला कुणी हात लावेना. मला त्या बशा दिसायला लागल्या, तिघांच्या हनुवटीखाली एकाच उंचीवर धरलेल्या. त्या ताठ पाठी दिसायला लागल्या. निळा रंग दिसायला लागला. आणि बटण, जो माझ्या घरी आला की पाय सोफ्यावर घेऊन बसतो, तो आज एकदाही माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

आमच्या धंद्यात एक खूण आहे. स्वतःच्या सुटावर डाग पडला तर माणूस डागाकडे बघतो. आमचा माणूस कुठे बघतो ते मी वर सांगितलं आहे.

मी उठलो. “घ्या ना आणखी थोडा,” म्हणत किटली उचलली, वडिलांच्या जवळ गेलो आणि त्यांच्या कपात न ओतता त्यांच्या छातीवर ओतली. सगळी नाही. पण पुरेशी.

बायको किंचाळली. वडील उभे राहिले. कोटावरून चहा ओघळत होता आणि तो माणूस डागाकडे बघत नव्हता, माझ्याकडेही बघत नव्हता. तो बटणकडे बघत होता. काका बटणकडे बघत होते. मामा बटणकडे बघत होते.

मग मी मान वळवली. माझी खार, हातात ट्रे धरून उभी, ती पण बटणकडे बघत होती.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, तसं काही झालं नाही. जमीन होती तिथेच होती. मी तिच्यावर नीट उभा होतो आणि त्या खोलीत एकटा पडलो होतो. बायको फडकं आणायला धावली होती, तिला बिचारीला अजून व्याह्यांच्या कोटाची काळजी.

“द्या कोट इकडे,” मी म्हणालो. “लगेच धुतला नाही तर डाग बसेल.”

स्वयंपाकघरात नळाखाली कोट धरला. अस्तर बाहेर काढलं, खिशाची कड उलटवली. जांभळा दोरा. शेवटी दोन गाठी. आठवड्यापूर्वी खिडकीशी बसून, गुणगुणत, माझ्याच फसवणुकीचा खिसा मी माझ्याच हाताने शिवला होता. मला हसू आलं. खरंच आलं. मग नळाचं पाणी आणि बाकी सगळं एकत्र वाहायला लागलं तेव्हा मी तोंड धुऊन घेतलं.

मागे खार उभी होती.

“कधीपासून ठरलं होतं हे?” मी विचारलं.

“बाबा, तो खरंच चांगला आहे.”

“मी मुलाचं विचारलं नाही.”

ती ओट्याला टेकली. “मी बटणकाकाकडे गेले. तो नाहीच म्हणाला. दोनदा नाही म्हणाला. मग मी रडले.”

“आणि मग त्याने माणसं दिली.”

“तुम्हीच म्हणाला होतात, मागे चार माणसं बसलेली दिसली पाहिजेत.” तिचा आवाज चढला. “दिसली ना? तुम्हाला काय हवं होतं बाबा, माणसं की त्यांचं दिसणं? मी एक मुलगा आणला असता, एकटा, चांगल्या कामाचा, आणि तुम्ही त्याला दारातूनच नमस्कार केला असतात. मी आयुष्यभर तुम्हाला बघितलंय. कोट बघून लोक कसे बदलतात हे तुम्हीच मला जेवताना हसून हसून सांगायचात.”

“लोकांचं सांगायचो,” मी म्हणालो. “आपल्या घरचं नाही.”

तेवढ्यात बटण आत आला. कोटाची दोन्ही बटणं लावलेली. “अरे, लग्न झाल्यावर आम्ही सांगणारच होतो,” तो म्हणाला. “पोरगा चांगला आहे रे. मी खरंच चौकशी केली आहे. कारखान्यात विचारलं, तो राहतो तिथे विचारलं. नुसतं मागे कुणी नाही एवढाच त्याचा गुन्हा. मी म्हटलं, तेवढं आपल्याकडे आहे, आपण देऊ.”

“तू शपथ घेतली होतीस. तिच्याच डोक्यावर हात ठेवून.”

“तिच्यासाठीच मोडली.”

“केसाने गळा कापलास माझा, आणि वर दोरा पण माझाच वापरलास.”

“तू नाही म्हणाला असतास!”

“म्हणालो असतो. मग भांडलो असतो. आठ दिवस जेवलो नसतो. मग तिच्या आईने मला फैलावर घेतलं असतं आणि मग कदाचित मी त्या पोराला बघायला गेलो असतो. नाहीतर नसतो गेलो. ते माझं मला ठरवू द्यायचं होतं ना? मी काय सभेतलं गिऱ्हाईक होतो?”

बटणने खिशात हात घातले. त्याच्या कोटाचे खिसे उघडे असतात, मालक आहे तो.

मी ओट्याच्या खणातून ब्लेड काढलं, ओल्या कोटाचा खिसा उसवला, दोरा ओढून काढला आणि कोट घेऊन बाहेर गेलो. तो उंच माणूस अजून उभाच होता, शर्टावर चहाचा डाग, हातात चष्मा. “घ्या,” मी म्हणालो. “आता चष्मा आत जाईल.” त्याचा चेहरा पडला. वाईट माणूस नव्हता, त्याचं काम त्याने नीट केलं होतं. मी त्याच्या जागी असतो तर मीही इतकंच नीट केलं असतं.

मुलगा उठून उभा राहिला. “मला हे नको होतं,” तो म्हणाला. “मी येताना जिन्यात पण म्हणालो, आपण खरं सांगू.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“ती म्हणाली, थांब.”

“तुझ्या मागे कोण आहे?”

“कुणी नाही.”

त्या खोलीत सकाळपासून बोललं गेलेलं ते पहिलं खरं वाक्य होतं, आणि ते परक्याच्या तोंडून आलं. बायको हातात फडकं घेऊन आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. तिला मी एवढंच सांगितलं की ही माणसं आमच्या ऑफिसची आहेत. ती खाली बसली ती बराच वेळ उठली नाही. संध्याकाळी तिने शेजारणीच्या खुर्च्या परत केल्या, धुतलेले पडदे काढून घडी करून ठेवले आणि म्हणाली, “मी त्या माणसाला घरचं लोणी काढून देणार होते बरोबर.” एवढंच बोलली. खारीवरचा तिचा राग माझ्याआधी निवळला, आयांचा निवळतो.

मीही लग्नाला नाही म्हणालो नाही. काय म्हणून म्हणायचं? मुलगा चांगलाच होता. पुढच्या रविवारी तो एकटा आला, त्याच शर्टात, आणि खुर्चीत धपकन बसला, पाठ टेकून. बायकोने चार बिस्किटं दिली, त्याने चारही खाल्ली. तिला तो आवडला. मला आवडला असता. पण त्याच्याकडे बघितलं की मला त्याच्या मागच्या खुर्च्या दिसायच्या.

बटणकडे मी जायचं बंद केलं. त्याने दोन वेळा माणूस पाठवला, एकदा स्वतः येऊन दारात उभा राहिला. मी आतून म्हणालो, “बघू या.” त्याला कळलं.

खार मात्र घरातच होती. सकाळी चहा द्यायची, मी घ्यायचो. माफी तिने अनेकदा मागितली, रडून, चिडून, समोर बसून. मी प्रत्येक वेळी मान डोलावली. एके दिवशी ती म्हणाली, “बाबा, तुम्ही नुसती मान डोलावता. काहीतरी बोला.”

“काळजी करू नकोस,” मी म्हणालो. “मी लग्नाला येईन. सूट घालीन, पहिल्या रांगेत बसेन, फोटोत हसेन. बसायचं काम मला चांगलं जमतं.”

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, पुरे. इथेच थांबावं. पोरगी आहे आपली. पण राग असा असतो की तो सोडायला आपण हात उघडतो आणि तो तळहाताला चिकटलेला असतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी कपाटातून माझा राखाडी कोट काढला. दोन बटणांचा, स्वतःचा, एकदाही बाहेर न घातलेला. खिडकीशी बसलो आणि त्याचे दोन्ही खिसे शिवले. जांभळा दोरा, शेवटी दोन गाठी. बायकोने दारातून बघितलं. ती तिथेच उभी राहिली, मी दात लावून दोरा तोडेपर्यंत.

लग्न नोंदणीच्या कचेरीत होतं. लांबट खोली, भिंतीला लागून बाकं, पुढे टेबल आणि टेबलामागे कंटाळलेला अधिकारी. मुलाच्या बाजूला कारखान्यातले दोघे होते, रोजच्या कपड्यांत, नखांत भिंगांची भुकटी. सुटात फक्त मी होतो. सह्या झाल्या. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या, ना फार जोरात ना फार हळू. फोटोवाला सगळ्यांना खुर्च्यांकडे बोलवायला लागला.

खार माझ्याकडे आली. चेहरा फुललेला, डोळे भरलेले, एक मूठ बंद. लहानपणी यायची तशीच आली, जरा धावत. माझ्या कोटाकडे बघून हसली. हा कोट कोणता ते तिला माहीत होतं. तो कशासाठी शिवला, त्याचे खिसे कुणासाठी उघडे ठेवायचे, सगळं माहीत होतं. तिने मूठ उघडली, त्यात एक शेंगदाणा होता. तो बोटांत धरून तिने माझ्या खिशाकडे हात नेला.

बोटं अडली.

तिने एकदा चाचपलं. मग वाकून खिशाची कड बाजूला केली, आतला जांभळा दोरा बघितला.

“बाबा,” ती म्हणाली, “हा तर तुमचा स्वतःचा कोट.”

“हो.”

“मग शिवलात का?”

“कामावर आलोय ना,” मी म्हणालो.

फोटोवाल्याने पुन्हा हाक मारली. मी खुर्चीपाशी गेलो, कोटाची मागची बाजू दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि बसलो. खार माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिचा एक हात माझ्या खांद्यावर होता, दुसऱ्याची मूठ पुन्हा बंद होती. कॅमेऱ्याकडे बघून मी हसलो. ते वाक्य बोलल्यावर जरा हलकं वाटेल असं मला रात्रभर वाटत होतं. तसं वाटलं नाही.